मामी, याचा अर्थ काय?

रात्री साडेदहाची वेळ. मी विरजण लावत होते. दूध कोमट झालंय का, हे करंगळी बुडवून पाहत असताना भाची स्वयंपाकघरात आली आणि तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला.

“मामी, हे वाच ना.”

चष्मा बाहेर टीपॉयवर राहिला होता. मान मागे नेऊन, डोळे बारीक करून वाचलं. वाचायला फार काही नव्हतंच. एकच शब्द होता, आणि तोही शब्द म्हणावा की घसा खाकरणं म्हणावं अशा जातीचा. ‘हम्म.’

“याचा अर्थ काय?”

आता, मी सत्तावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलेली बाई. ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ हा प्रश्न इतक्या मुलांना घातलाय, की त्यांच्या शापाचं फळ म्हणून तो कधीतरी माझ्या पुढ्यात येणार हे ठरलेलंच होतं. मी करंगळी पुसली आणि म्हटलं, “आधी संदर्भ सांग.”

संदर्भ असा. मुलगा ॲपवर भेटलेला. तीन आठवडे झाले. प्रत्यक्ष भेटी दोन: एकदा कॉफी, एकदा ठाण्याच्या तलावपाळीला तीन फेऱ्या. त्या दिवशी दुपारी सिनेमा पाहून आल्यावर हिनं त्याला अकरा ओळींचा मेसेज पाठवला. सात ओळी सिनेमाबद्दल, उरलेल्या चार स्वतःबद्दल. त्या चार ओळी तिनं मला अंगठ्याखाली धरून दाखवल्या, म्हणजे दाखवल्या नाहीत. मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. मग वर ‘टायपिंग’ असं दिसू लागलं. मग दिसेनासं झालं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. आणि चार तास डोंगर पोखरून हा उंदीर निघाला. हम्म. पुढे पूर्णविराम.

“पूर्णविराम महत्त्वाचा आहे,” भाची म्हणाली.

मुलांच्या उत्तरपत्रिकांत एखादा पूर्णविराम सापडावा म्हणून मी सत्तावीस वर्षं तळमळले. तो सापडला तो इथे.

तिच्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे, चौघींचा. ‘हम्म’चा स्क्रीनशॉट तिथे केव्हाच पोचला होता आणि त्यावर भाष्यं सुरू झाली होती. पुण्याच्या मैत्रिणीचं म्हणणं, पूर्णविराम म्हणजे विषय संपला. बंगळूरची म्हणत होती, तसं काही नसतं, काही मुलगे पूर्णविराम देतातच, त्यांचे वडील शिक्षक असतात. तिसरीनं त्याचे आधीचे सगळे ‘हम्म’ मागवून घेतले होते, तुलनात्मक अभ्यासासाठी. चौथीचं लग्न झालेलं. तिनं लिहिलं होतं, ‘माझा नवरा रोज हम्म म्हणतो. त्याचा अर्थ, त्यानं ऐकलेलं नसतं.’

गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या झाल्या ती ही भूमी. एका ‘हम्म’वर दीडशे मेसेज पडले, तर ते परंपरेला धरूनच झालं. विरजण मात्र त्या रात्री लागलं नाही. दूध फार निवलं होतं.

“तुला हे सगळं हास्यास्पद वाटतं ना?” भाचीनं सकाळी विचारलं. मी नाही म्हटलं, पण चेहऱ्यानं हो म्हटलं असावं. कारण दुपारी तिनं ऑफिसातून मला एक कथा पाठवली: क्रिस्टन रूपेनियन या अमेरिकन लेखिकेची ‘कॅट पर्सन’. खाली ताकीद, ‘संध्याकाळपर्यंत वाचून ठेव.’ अशा रीतीनं आमच्या ओट्यावर दोघींचं एक वाचनमंडळ सुरू झालं. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, आणि आभारप्रदर्शनाआधी कुकरची शिट्टी होते.

ही कथा डिसेंबर २०१७मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये आली आणि निवडणुकीवरून भांडावं तशी माणसं तिच्यावरून भांडली. ती कथा आहे हेच पुष्कळांच्या ध्यानात आलं नाही. लेख समजून लोक कथेतल्या मुलीची उलटतपासणी घेत सुटले. मार्गो वीस वर्षांची, कॉलेजात शिकता शिकता सिनेमागृहाच्या काउंटरवर खाऊ विकणारी. रॉबर्ट तिथलं गिऱ्हाईक. नंबर दिलाघेतला जातो आणि पुढे कित्येक दिवस दोघं फक्त मेसेजवर भेटतात. मेसेजमधला रॉबर्ट हजरजबाबी आहे, मजेशीर आहे, त्याच्याकडे दोन मांजरं आहेत. प्रत्यक्षातला रॉबर्ट चौतिशीचा, अवघडलेला, मधेच दुखावणारा आणि दुखावला जाणारा गृहस्थ आहे. मार्गोनं मनातल्या मनात मेसेजच्या तुकड्यांचा एक माणूस शिवून ठेवलेला असतो. तो कपडा या अंगाला बसत नाही. ती त्याच्या घरी जाते तेव्हा मांजरं कुठेच दिसत नाहीत.

ती मांजरं होती की नव्हती, याचा निकाल लेखिकेनं लावलेला नाही. मी म्हटलं, “पलंगाखाली असतील गं. अनोळखी माणूस आलं की मांजरं दडतातच.”

“बघ! तूसुद्धा त्याला सांभाळून घेतेस,” भाची म्हणाली.

मी चपापले. खरंच की. ज्या माणसाशी माझं काही देणंघेणं नाही, जो माणूस मुळात अस्तित्वातच नाही, त्याच्या मांजरांची जबाबदारीसुद्धा मी अंगावर घेतली. ही सवय मला कुणी लावली, कधी लावली, काही सांगता येणार नाही. मार्गोलाही तीच आहे. नको असतानाही ती त्याला सांभाळून घेत राहते, आणि म्हणून तर कथा घडते.

मला त्या कथेत सगळ्यात ओळखीची वाटली ती मार्गोच्या खोलीत राहणारी मैत्रीण, टमारा. ‘आता भेटायला नको’ एवढा निरोप मार्गोला काही केल्या लिहिता येत नाही. न दुखावणारं, गोड वाक्य शोधण्यात दिवस जातात. शेवटी टमारा तिच्या हातातून फोन ओढून घेते आणि लिहून टाकते. अख्ख्या कथेत पाठवला गेलेला सगळ्यात स्वच्छ निरोप मैत्रिणीचा आहे. कथेचा शेवट ज्या मेसेजनं होतो तो रॉबर्टचा, आणि तो एका शब्दाचा आहे. त्या शब्दाला मात्र भाष्याची गरज पडत नाही. ती शिवी आहे.

त्या संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, मला एक गोष्ट लख्ख दिसली. आम्ही वर्गात शिकवत आलो, की प्रेमकविता दोघांची असते. चूक. बायकांची प्रेमकविता तिघांची असते: तो, ती, आणि जिला ती हे सांगते ती. त्यातला ‘तो’ निमित्ताला. एखादा शब्द टाकून तो गाढ झोपी जातो. उरलेली रात्र दोघींची. जी विचारते तिची आणि जिला विचारलं जातं तिची.

आणि विचारायला कुणी नसेलच तर? त्याचं उत्तर डोरोथी पार्कर यांनी १९२८ साली देऊन ठेवलंय. त्यांची ‘अ टेलिफोन कॉल’ ही कथा मी भाचीला वाचायला दिली. मंडळाचा नियम, फिट्टंफाट. एक खोली, एक बाई, एक टेलिफोन. पाचला फोन करतो म्हणाला होता, सात वाजून गेलेत. जवळ मैत्रीण नाही, म्हणून ती देवालाच मैत्रीण करते. एवढा एक फोन येऊ दे, पुन्हा काही मागायची नाही. पाच-पाचच्या टप्प्यानं पाचशेपर्यंत मोजून पाहते. मग टेलिफोनवर चिडते, त्याला भिंतीतून उपटायची भाषा करते. मागच्या बोलण्यात त्यानं दोनदा लाडानं हाक मारली होती, हा पुरावा ती देवाच्या कोर्टात पुन्हा पुन्हा दाखल करते. कथा संपते तेव्हाही बाई मोजतेच आहे.

“१९२८?” भाची म्हणाली. “मामी, हा तर माझा गेला शनिवार!”

“फक्त तिला निळ्या खुणांचा जाच नव्हता.”

त्या खुणा २०१४च्या नोव्हेंबरात आल्या. तोवर ‘पोचलं नसेल’, ‘पाहिलं नसेल’ अशी आशेला उभं राहायला वीतभर जागा होती. तेवढ्यावरही बांधकाम झालं.

मग साहजिकच भाचीनं विचारलं, की तुमच्या वेळी काय करत होतात? तिला वाटत होतं, मी पोहे-चहाचा ट्रे आणि खाली घातलेली मान यांचं वर्णन करीन. पण आमच्या वेळी, बाईसाहेब, पी.पी. नंबर होता.

साल १९८७. साखरपुडा झालेला, लग्नाला पाच महिने अवकाश. आम्ही गिरगावात चाळीत, हे नाशिकला. फोन अख्ख्या चाळीत एकच, तोही खालच्या काकूंकडे. तेव्हा कार्डावर नंबर छापून पुढे ‘पी.पी.’ लिहायची पद्धत होती. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलणारे आपण, ऐकणारी चाळ. मी मोठ्या धिटाईनं पत्र लिहून विचारलं होतं, रविवारी मुंबईस येणं होईल का, शिवाजी मंदिरला नाटक आहे. शुक्रवारी यांचा ट्रंक कॉल आला. मी घरी नव्हते. काकूंनी घेतला आणि संध्याकाळी, मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच, गॅलरीतून निरोप दिला, “अगंऽ, नाशिकचा फोन होता! ‘बरं’ म्हणालेत!”

“आणखी काही?”

“नाही बाई. बरं म्हणाले आणि लाइन तुटली.”

मराठीत ‘बरं’ म्हणजे काय, हे ज्याला एका दमात सांगता येईल त्यानं पुढे यावं. बरं म्हणजे हो. बरं म्हणजे नाइलाज. आजाऱ्याला विचारतात तेही बरंच. ‘बरं, बरं’ म्हणजे आता पुरे. ‘बऱ्या बोलानं’ म्हणजे धमकी. दोन चाळी पलीकडे माझी जिवाभावाची मैत्रीण राहायची. शुक्रवारची रात्र, शनिवार आख्खा आणि रविवारची सकाळ आम्ही दोघींनी त्या दोन अक्षरांवर घालवली. ती म्हणे, यायचं असतं तर ‘येतो’ म्हणाले असते. मी म्हणे, यायचं नसतं तर ‘जमणार नाही’ म्हणाले असते. ट्रंक कॉलची तीन मिनिटं कोण ‘बरं’वर उडवेल? रविवारी दुपारी तर मी तिच्याकडे बसून माझ्या पत्राचा मजकूर तिसऱ्यांदा तोंडपाठ म्हणून दाखवत होते, की त्यात कुठे आगाऊपणा झाला होता का. आणि नेमके त्याच वेळी हे आमच्या गॅलरीत लोखंडी खुर्चीवर बसून आईच्या हातचा दुसरा चहा पीत होते.

नाटकाचा पहिला अंक बुडाला. नाटक कोणतं होतं तेही आता आठवत नाही. मैत्रिणीनं ‘बरं’वर काय काय म्हटलं होतं, ते मात्र मी आजही शब्दशः सांगू शकते.

गंमत पाहा. त्याच १९८७ साली तिकडे जपानमध्ये, हायस्कुलात जपानी शिकवणाऱ्या माची तावारा या चोवीस वर्षांच्या तरुणीचा कवितासंग्रह निघाला आणि त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. आपल्याकडे कवितासंग्रह खपला असं म्हणतात तेव्हा बहुधा ‘मित्रांना वाटून संपला’ असा अर्थ असतो. तिथे खरोखर खपला. तांका हा हजारावर वर्षं जुना, एकतीस अक्षरांचा वृत्तप्रकार. एके काळी राजदरबारातल्या स्त्रिया त्यात प्रियकराला निरोप धाडत. तावाराबाईंनी त्यात फोन घातला, हॅम्बर्गर घातला आणि आपल्या काळची बोली घातली. संग्रहाला नाव देणाऱ्या कवितेचा विषय एवढाच: एका साध्या पदार्थाला त्यानं चांगलं म्हटलं आणि तिनं तो दिवस, ६ जुलै, सणासारखा कॅलेंडरात नोंदवला. ७ जुलैला तिकडे वर्षातून एकदाच भेटणाऱ्या दोन ताऱ्यांचा सण असतो. कवितेतला दिवस त्याच्या आदल्या दिवसाचा, कसलाच नसलेला. पुढे कवयित्रीनंच सांगून टाकलं, की कवितेत सॅलड असलं तरी प्रत्यक्षात तिनं कोंबडी तळली होती.

‘छान झालंय’ हा शब्दही ‘हम्म’च्याच कुळातला. पुरुष तो घास गिळता गिळता टाकतो आणि बाई त्याचा वर्धापनदिन करते. आमच्या घरी असे वर्धापनदिन काढायचे, तर इतक्या वर्षांत तीन निघतील. त्यातला एक आमटी माझ्या जाऊबाईंनी केली होती त्या दिवशीचा.

मंडळाचा पुढचा आठवडा हसण्याचा गेला. इंग्लंडच्या वेंडी कोप यांचा ‘सीरियस कन्सर्न्स’ हा संग्रह १९९२चा. नाव गंभीर, आत मिस्कीलपणा. त्यात पुरुषांना बसची उपमा दिलेली एक कविता आहे. एक येत नाही, एक येत नाही, आणि आल्या की घोळक्यानं. हे आपल्याकडच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. उलट आपण त्यात भर घालू शकतो. पाटी एका गावाची आणि जाणार भलतीकडे, अशी बस असते. थांब्यावर न थांबता शंभर पावलं पुढे जाऊन थांबणारी, आणि आपण धावत पोचलो की सुटणारी, अशीही असते. आणि ‘मागून रिकामी येतेय’ म्हणणारा तो कंडक्टर तर लग्नाळू मुलीच्या आयुष्यात प्रत्येक मावशीच्या रूपानं असतोच.

लॉरी मूर यांनी ‘सेल्फ-हेल्प’ या १९८५च्या कथासंग्रहात आणखीच मजा केली. दुसऱ्याच्या नवऱ्यात गुंतलेल्या बाईची गोष्ट त्यांनी सांगितली ती ‘असं करा, मग तसं करा’ अशा आज्ञार्थी भाषेत. वाचताना मला ओगलेबाईंची ‘रुचिरा’ आठवत राहिली. मन मंद आचेवर ठेवावे. मधूनमधून ढवळावे. उतू जाणार नाही इकडे लक्ष असावे. पिढ्यान्‌पिढ्या बाईच्या हाती जी कृतीची भाषा दिली गेली, त्याच भाषेत तिनं आपली फजिती लिहून काढली. हसवणाऱ्या लेखनाला हलकं समजायची खोड तिकडेही आहे, इकडेही आहे. पण स्वतःच्या फजितीकडे हातभर अंतरावरून बघता येणं हे हलकं काम नव्हे. रडून झाल्यावर चेहरा धुतला, की मग ते जमतं.

हसता हसता एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तलावपाळीच्या भेटीला जाताना भाचीनं मला तिचं लाइव्ह लोकेशन पाठवलं होतं. फोनवर ठाण्याचा नकाशा आणि त्यात सरकणारा ठिपका. दोन तास मी तो ठिपका पाहत बसले. मालिका लागली, संपली, कोण मेलं ते कळलं नाही. मग ठिपका तलावाच्या एका कोपऱ्यावर येऊन थांबला आणि चाळीस मिनिटं जागचा हलला नाही. मला काय काय दिसायला लागलं! शेवटी न राहवून मेसेज केला, ‘सगळं ठीक?’ उत्तर आलं, ‘कुल्फी.’

रॉबर्टच्या गाडीत बसल्यावर मार्गोच्याही मनात चर्रकन येऊन जातं, की हा आपल्या जिवाचं बरंवाईट करू शकेल. आपण याला कुठे ओळखतो? म्हणजे त्या ‘हम्म’वरचा एवढा आटापिटा कशासाठी, त्याचं खरं कारण इथे आहे. अनोळखी माणसाबद्दल हाताशी पुरावा म्हणून दोनच शब्द असले, तर बाई ते दोन शब्द भिंगाखाली धरणारच. मुलगे म्हणतात, मुली फार विचार करतात. ती हौस नव्हे हो. ती घरी सुखरूप परतण्याची विद्या आहे. ती एकीला येऊन भागत नाही, म्हणून चौघींचा ग्रुप लागतो आणि ठिपक्यावर डोळा ठेवणारी एक मामी लागते.

“मराठीत असं कुणी लिहिलंय का?” भाचीनं एकदा विचारलं. मी माळ्यावरून ‘कळ्यांचे निःश्वास’ काढून तिच्या हातात ठेवलं. १९३३चं पुस्तक. शिकलेली, मिळवती, लग्नाविना राहिलेली मुलगी मनात काय बोलते, ते विभावरी शिरूरकरांनी कथांतून मांडलं आणि महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. खऱ्या मालतीबाई बेडेकर. आज भाची जे चौघींना बिनदिक्कत लिहून पाठवते, ते सांगायला तेव्हा एका विदुषीला दुसरं नाव पांघरावं लागलं. पुढे गौरी देशपांडे यांच्या नायिकांनी ते पांघरूण भिरकावून दिलं. ‘कारावासातून पत्रे’ तर पत्रांतूनच उभी राहते. मेघना पेठे यांच्या ‘हंस अकेला’ आणि ‘आंधळ्याच्या गायी’मधल्या बायका शहरात राहतात, लग्नाच्या चौकटीबाहेर प्रेम करतात आणि त्याचा हिशेब स्वतःशी, न लाजता मांडतात. भाचीनं ही सगळी पुस्तकं रांगेनं वाचली आणि म्हणाली, “यांच्याकडे ॲप नव्हतं, एवढाच काय तो फरक.”

मी म्हटलं, आणखी मागे चल. माझ्याकडे स. आ. जोगळेकरांनी संपादलेली ‘गाथासप्तशती’ आहे, १९५६ची, बांधणी खिळखिळी झालेली. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा हा माहाराष्ट्री प्राकृतातला संग्रह. म्हणजे आपल्याच गोदाकाठचा, आपल्याच भाषेच्या आजीचा. एक कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असं त्यात आरंभीच म्हटलंय.

“एक कोटी प्रोफाइल!” भाची म्हणाली. “बिचाऱ्याचा अंगठा!”

त्यातली पाणपोईची गाथा मी तिला समजावून सांगितली. वाटसरू तहानेला आहे खरा, पण त्याची नजर पाणी घालणारीवर, म्हणून ओंजळीची बोटं सैल सुटलेली. पाणी गळून जातंय आणि त्याला घाई नाही. तिलाही नाही, तिनं धार आणखी बारीक केलीय. कुणी अक्षर बोलत नाही. ‘टायपिंग’ दिसतं आणि विझतं, पुन्हा दिसतं, ते याहून वेगळं काय आहे? दुसऱ्या एका गाथेतली सून परक्या वाटसरूला बजावते, की सासू या कोपऱ्यात झोपते, मी त्या. रात्री अंधारात धडपडशील हो. बजावणं कसलं, पत्ता दिलाय! बंबल नावाचं ॲप २०१४मध्ये निघालं ते ‘आधी बाईनं बोलायचं’ हा नियम घेऊन, आणि दहा वर्षांनी त्यांनी तो सैल केला. गोदाकाठच्या बायकांना असा नियम कुणी करून द्यावा लागला नव्हता.

या गाथा बायकांनी किती रचल्या आणि बाईच्या आवाजात पुरुषांनी किती, यावर पंडितांनी भांडत राहावं. ऐकणारी मात्र त्यात पुष्कळदा बाईच असते. नायिका तिला सांगते: बघ ना, तो असं म्हणाला, बघ ना, तो आलाच नाही. आणि तिला हाक मारते, ‘मामि’. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ते सखीला हाक मारायचं संबोधन म्हणून नोंदलेलं आहे. आपल्या मामीशी त्याचं गोत्र जुळतं की नाही, ते भाषाशास्त्रज्ञांना विचारावं लागेल. मी विचारणार नाही. मला ते जुळलेलंच हवंय.

‘हम्म’वाल्याचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. काही झालं नाही. एक दिवस तो उत्तर द्यायचा थांबला. याला घोस्टिंग म्हणतात. २०१७ साली मेरियम-वेबस्टरच्या कोशातही या शब्दाला जागा मिळाली. आपल्याकडे याला तोंड चुकवणं म्हणत. भाची दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनं एक कविता लिहिली, नऊ ओळींची. त्यात तो आहे, पण कोपऱ्यात. पहिल्या वाचक आम्ही पाचजणी. ती इथे देणार नाही, तसं वचन दिलंय. एवढंच सांगते, की पूर्णविराम नेमका पडलाय.

आणि गेल्या रविवारी, जेवताना, भाचीनं सहज तिच्या मामाला विचारलं, “मामा, तू त्या फोनवर नुसतं ‘बरं’ का म्हणालास?”

“कुठल्या फोनवर?”

तिनं सगळा संदर्भ सांगितला. यांनी भात कालवता कालवता थोडं आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, “बरं कशाला म्हणेन? ‘परवा’ म्हणालो होतो. शुक्रवार होता ना? परवा येतो. लाइनीत खरखर फार होती.”

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. दोन दिवस आम्ही ज्यावर भाष्य रचलं, तो पाठच मुळात चुकीचा होता! जुन्या पोथ्यांत याला पाठभेद म्हणतात. आमचा काकूभेद.

“म्हणजे सगळं फुकट?” भाची म्हणाली.

मी मैत्रिणीला तिथल्या तिथे फोन लावला. काकूभेद ऐकून ती इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि तिच्या सुनेनं फोन काढून घेतला. अर्थ फुकट गेला म्हणा हवं तर. भाष्य काही गेलं नाही.

तेव्हा तुमच्याकडे कुणी मुलगी रात्री साडेदहाला फोन घेऊन आली, तर विरजण बाजूला ठेवा, चष्मा शोधा आणि नीट वाचा. पूर्णविरामासकट. ‘सोड गं त्याला’ असं मात्र लगेच म्हणू नका. ते तिला तुमच्या आधीपासून माहीत असतं.